पंपघराची दहा मिनिटं

सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारी अभियंता श्री. योगराज बाविस्कर साहेब. प्रमुख पाहुण्या, सरपंच सुलक्षणाताई. आजचे सत्कारमूर्ती, चौतीस वर्षं या योजनेसाठी पाण्याखाली काम केलेले उखर्डू नाना सैंदाणे. त्यांच्या शेजारी बसलेल्या ताईबाई अक्का. आणि सभागृहातल्या माझ्या सर्व सहकाऱ्यांनो, नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या नूतनताईंनी कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मनोगत व भेटवस्तूची माहिती’ असं छापलं आहे. भेटवस्तू मी निवडली, तेव्हा तिची माहिती मीच द्यावी हे योग्यच आहे. पण त्याआधी मला एक कागद वाचावा लागेल. त्याशिवाय ती भेटवस्तू समजणार नाही. कागद छोटा आहे.

१. मंगळवार, ११ नोव्हेंबर. तापीकाठच्या जॅकवेलमधील जाळी साफ करण्यासाठी पंप क्रमांक दोन बंद करण्यात आला. माझ्या मोबाइलवर १०:५० वाजले होते.

२. पंप साडेअकरा वाजता पुन्हा सुरू करावा, अशी सूचना मी पंपघराच्या वहीत लिहून सही केली.

३. १०:५८ वाजता उखर्डू सैंदाणे पाण्यात उतरले. डाव्या मनगटावर नवे घड्याळ होते. ते मी दिले होते.

४. पंपघराच्या भिंतीवरील घड्याळात साडेअकरा वाजले. पंपचालक भटू यांनी पंप सुरू केला.

५. त्या वेळी माझ्या मोबाइलवर ११:२० वाजले होते. सैंदाणे सात मीटर खाली, जाळीजवळ होते.

६. ११:२२ वाजता पंप बंद करण्यात आला. सैंदाणे वर आले. डाव्या हाताची दोन बोटे मोडली होती.

७. १२ नोव्हेंबर. भटू यांना कामावर येऊ नये असे सांगण्यात आले.

८. १३ नोव्हेंबर. भिंतीवरील घड्याळ दहा मिनिटे मागे करण्यात आले. कोणी केले याची नोंद नाही.

९. १४ नोव्हेंबर. मी तीन पानी जबाब दिला. आज २८ तारीख आहे. उत्तर आलेले नाही.

१०. भटू यांना कामावरून कायमचे कमी करण्याच्या प्रस्तावावर १० डिसेंबरला धुळ्याला वरिष्ठ कार्यालयात सुनावणी आहे.

कागद संपला. आता मनोगत.

मी मोहिनी. या योजनेत यांत्रिकी शाखेची कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू होऊन मला चौदा महिने झाले. घर जळगावला, मेहरूणमध्ये. रुजू झाले तेव्हा मला नदीतून पाणी उचलण्याची गणितं येत होती, पण नदी येत नव्हती. सुलक्षणाताईंसाठी थोडक्यात सांगते. तापीच्या पात्रात आपली जॅकवेल म्हणजे एक मोठी विहीर आहे. नदीचं पाणी एका नळाने तिच्यात येतं आणि तिथून पंप ते बावीस गावांना ढकलतात. त्या नळाच्या तोंडावर लोखंडी जाळी आहे. पावसाळ्यानंतर जलपर्णी, कापडं, प्लास्टिक, कधी मेलेलं जनावर त्या जाळीला येऊन चिकटतं. ते हाताने काढावं लागतं. त्यासाठी पंप बंद करतात, एक माणूस तोंडात हवेची नळी धरून खाली जातो, आणि काठावरचा कॉम्प्रेसर त्याला हवा पुरवतो. माणूस खाली असताना पंप सुरू झाला, तर पाण्याबरोबर तोही जाळीकडे ओढला जातो.

चौतीस वर्षं तो माणूस म्हणजे नाना.

पहिल्याच आठवड्यात मी नानांना विचारलं होतं, “नाना, तुमच्याकडे सुरक्षा साधनांची यादी आहे का?” नाना पायरीवर बसून अंग पुसत होते. त्यांनी माझ्या फायलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग छातीवर हात ठेवून म्हणाले, “बेटा, तुमना पंप वर शे. मना पंप आठे शे. त्यानी यादी कोण करी?”

मी ते वाक्य फायलीत लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

आता भेटवस्तू. आपल्याकडे निवृत्त होणाऱ्याला शाल, श्रीफळ आणि सोनेरी मनगटी घड्याळ देण्याची पद्धत आहे. ही पद्धत कोणी सुरू केली? ज्याला उद्यापासून कुठे वेळेवर पोहोचायचं नाही, त्यालाच घड्याळ का? नूतनताईंना मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, “मॅडम, वर्गणी गोळा झाली आहे. तुम्ही तांत्रिक माणूस. जरा बरं बघून आणा. मागच्या वेळचं पाटलांच्या मनगटावर आठवडाभरात काळं पडलं.”

मी तांत्रिक माणूस असल्यामुळे आधी विचारलं की घालणारा माणूस त्या घड्याळाचं करणार काय आहे. त्यासाठी एक रविवार नानांच्या घरी गेले. अक्का, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही मला भाकरी वाढत होतात आणि मी नानांच्या मनगटाला सुतळी लावून माप घेत होते. तुम्ही म्हणालात, “पोर बांगड्या भरी राह्यनी का?”

त्या दिवशी मी लिहून घेतलं. नाना सकाळी गोठ्यात असतात. मग केळीत पाणी धरतात, म्हणजे हात चिखलात. आजूबाजूच्या गावांत विहिरीत कोणाची मोटर पडली, तर बोलावणं नानांनाच येतं, आणि निवृत्तीनंतरही ते येतच राहणार. पाणबुड्याचं घड्याळ त्यांना रोजच घालायला हवं होतं. आंघोळीला, गोठ्यात, पाण्याखाली, लग्नात. एकच.

मग मी तक्ता केला. घड्याळावर ‘वॉटर रेझिस्टंट, तीस मीटर’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ तीस मीटर खाली न्यावं असा होत नाही. हात धुतले तर चालेल, इतकाच होतो. म्हणून किमान दोनशे मीटर, आणि पाणबुड्यांच्या घड्याळासाठी ठरलेल्या चाचण्यांतून गेलेलं. वेळ लावायची चावी आट्याने घट्ट बसणारी, नाहीतर गोठ्यात कशाला तरी अडकून ती बाहेर येते आणि पाणी आत जातं. चावी चारच्या बाजूला, म्हणजे मनगट वाकवलं तरी रुतणार नाही. काच नीलमणीची घेतली तर ओरखडे पडत नाहीत, पण लोखंडावर आपटली तर फुटते. साध्या कडक काचेला ओरखडे पडतात, पण ती जळगावात तासाभरात बदलून मिळते. नानांच्या हाताला लोखंड लागतंच. साधी काच. पट्टा स्टीलचा नको, केस ओढले जातात आणि केळीचा चीक कड्यांत सुकतो. रबराचा नको, उन्हात चिरतो. नायलॉनचा एकसंध, घड्याळाखालून जाणारा पट्टा घेतला. एका बाजूची पिन तुटली, तरी घड्याळ हातावर राहतं. सेलचं नको. सेल बदलायला पाठ उघडली की पाण्याची खात्री गेली. आपोआप चावी बसणारी घड्याळं दिवसाला वीस सेकंद चुकू शकतात. मी उजेडावर चालणारं निवडलं. महिन्याला पंधरा सेकंदांच्या आत.

साहेब, मी हे सगळं का सांगते आहे, असा प्रश्न आपल्या चेहऱ्यावर दिसतो आहे. हे अचूकतेबद्दल आहे. पुढे लागेल.

शेवटचा मुद्दा उजेडाचा. तापीचं पाणी नोव्हेंबरमध्ये वरून निळं दिसतं, पण सात मीटरवर नानांना स्वतःचा तळहात दिसत नाही. त्यांचं जुनं घड्याळ डिजिटल होतं. त्याचं दिव्याचं बटण तीन वर्षांपूर्वी मेलं होतं, आणि ते घड्याळ काचेला नाक लावून वाचायचे. म्हणून काटे आणि अंक अंधारात स्वतःहून उजळणारे हवे होते. जळगावच्या दुकानदाराने तीन घड्याळं काढली आणि मला म्हणाला, “मॅडम, जळगावात समुद्र कधी आणला? आपल्याकडे बुडायला फार तर मेहरूणचा तलाव. त्यापेक्षा हे जोडीचं बघा, सोनेरी, बाई-माणूस दोघांचं.” मी म्हटलं, तिन्ही दोन दिवसांसाठी द्या, तपासून परत आणते. तो म्हणाला, “साडी आहे का ही?” पण दिली.

मी ती घरी नेली. प्रत्येक घड्याळ पाच मिनिटं खिडकीतल्या उन्हात ठेवलं आणि मग ब्लँकेटखाली घेऊन किती वेळ वाचता येतं ते मोजलं. भर दुपारी. आई दारात येऊन म्हणाली, “ताप आहे का?” मी म्हटलं, “घड्याळं बघतेय.” ती म्हणाली, “बाहेर दिसत नाहीत का?” नंतर नदीचं गढूळ पाणी बादलीत आणून, तळाशी ठेवूनही पाहिलं. एक घड्याळ त्यात टिकलं. काटे जाड, हिरवे. काचेभोवती फिरतं कडं आणि त्यावर एक उजळणारा त्रिकोण.

ते घड्याळ मी समारंभाची वाट न पाहता नानांना आधीच दिलं. कारण मी न तपासलेली वस्तू कोणाला देत नाही. हे मी अभिमानाने सांगत असे.

ते हातात घेऊन नानांनी खोलीचं दार लोटलं, अंधार केला आणि अक्कांना हाक मारली. “आवं, इकडे ये. हाई घड्याय शे का दिवा शे?” अक्का म्हणाल्या, “चांगलं शे. आते लाइट गयी तरी तुमना हात सापडी.”

हसलात, बरं वाटलं. यापुढे हसण्यासारखं फारसं नाही.

पंपघराच्या भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं. या सभागृहात किती जणांना हे माहीत होतं? मी हात वर करायला सांगत नाही. पंपघरात ज्यांनी एक पाळी जरी काढली, त्या सर्वांना माहीत होतं. अठरा वर्षांपूर्वी फाट्यावरची संध्याकाळची एसटी रोज चुकायची, म्हणून तेव्हाच्या कोणीतरी घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. एसटीची वेळ नंतर तीनदा बदलली. घड्याळ पुढेच राहिलं. पाळ्या त्याच्यावर, जेवण त्याच्यावर, नोंदी त्याच्यावर. नानांचं जुनं घड्याळही त्याच्यावरच लावलेलं. त्यामुळे कधी काही बिघडलं नाही. सगळे सारखेच चुकीचे होते आणि म्हणून सुरक्षित होते.

एक मी सोडून. मी मोबाइल पाहत होते.

त्या दिवसाआधी माझ्या काळात जाळी पाच वेळा साफ झाली. पाचही वेळा मी वहीत वेळ लिहिली, आणि पाचही वेळा नाना माझ्या हिशेबाने दहा मिनिटं आधी वर आले आणि पंप दहा मिनिटं आधी सुरू झाला. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, नाना कामाला चपळ आहेत. मी त्यांच्या वार्षिक अहवालात ‘तत्पर’ असा शब्द लिहिला. एवढंच नाही. माझ्या चौथ्या महिन्यात आपल्या नोंदी आणि वीज उपकेंद्राच्या नोंदी मी शेजारी ठेवल्या. पंप सुरू झाल्याची प्रत्येक वेळ दहा मिनिटांनी वेगळी होती. प्रत्येक. मी समासात लिहिलं, ‘उपकेंद्राचे मीटर तपासावे.’ पंपघरात जाऊन भिंतीकडे पाहण्याचं मला सुचलं नाही. ते पान माझ्या अक्षरात आहे आणि जबाबाला जोडलेलं आहे.

नूतनताई, चिठ्ठी मिळाली. दोन मिनिटं, असं लिहिलं आहे. मला आठ लागतील. आभार मी थोडक्यात मानीन.

अकरा तारखेला सकाळी पंपघरासमोर नाना मला म्हणाले, “बेटा, याले आठली वेळ लावी दे ना. बठ्ठा आठलीच वेळवर चालतस.”

सगळे इथल्याच, भिंतीवरच्या वेळेवर चालतात, हे मला तेव्हा प्रथम कळलं. मी म्हटलं, “म्हणजे? भिंतीवरचं चुकीचं आहे?”

पंपघराच्या दारात भटूभाऊ उभे होते. ते म्हणाले, “चुकीचं नाही मॅडम. तुमनी वेळ मोबाइलनी, आमनी वेळ भिंतनी. तुमची भारी, आमची जुनी.”

आम्ही तिघंही हसलो. मग मी काय करायला हवं होतं? भिंतीवरचं घड्याळ उतरवून नीट करायला दोन मिनिटं लागली असती. किंवा मनगटावरचं दहा मिनिटं पुढे करायला अर्धं मिनिट. मी दोन्ही केलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाविषयी म्हटलं, “संध्याकाळी रीतसर नोंद करून बदलू.” आणि मनगटावरच्या घड्याळाविषयी म्हटलं, “नाना, मी यात चुकीची वेळ लावणार नाही.”

हे माझे शब्द आहेत. महिन्याला पंधरा सेकंद चुकणारं घड्याळ मी निवडलं होतं, त्यात मी दहा मिनिटांची चूक हाताने घालायला तयार नव्हते.

नानांनी वाद घातला नाही. त्यांनी तो कधीच घातलेला नाही. म्हणाले, “बरं. मी मनमा दहा मियाडी लिसू.” म्हणजे घड्याळात दिसेल त्यात मनातल्या मनात दहा मिळवून घेतील.

आणि तरीही हे निभावलं असतं. त्या फिरत्या कड्याची पुस्तकातली पद्धत अशी आहे की उतरताना त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा आणि किती मिनिटं गेली ते वाचायचं. ती वापरली असती, तर कोणत्या भिंतीवर किती वाजले याला महत्त्व राहिलं नसतं. पण नाना म्हणाले, मोजणं नको, वर कधी यायचं तेवढं दाखव. म्हणून मी दुसरी पद्धत शिकवली. ज्या मिनिटाला वर यायचं, तिथे त्रिकोण ठेवायचा. वहीत साडेअकरा होतं. भिंतीच्या साडेअकरासाठी तो वीसवर हवा होता; मी कडं फिरवून त्रिकोण तीसवर आणला. माझ्या हाताने.

नाना खाली गेले. हवेची नळी सांभाळायला नवलभाऊ होते, मी काठावर मोबाइल घेऊन उभी होते. अकरा वीस झाले आणि पंप सुरू झाला.

पंप सुरू झाला की काठावर तो आधी पायांना कळतो. मी नवलभाऊंकडे पाहिलं. ते ओरडले, “मॅडम, नाना खाल शेतस!” मी भटूभाऊंना फोन लावला. त्यांचा फोन डब्याशेजारी चार्जिंगला होता. काठापासून पंपघरापर्यंतचा पूल बासष्ट मीटर आहे, मी नंतर मोजला. मी पळत गेले. भटूभाऊ दारात आले होते आणि मला पळताना पाहून त्यांचा चेहरा असा झाला की मला काही सांगावंच लागलं नाही. लाल बटण त्यांनी दाबलं. मी नाही. चौकशीच्या टिपणात ‘कनिष्ठ अभियंता यांनी प्रसंगावधान राखून पंप बंद केला’ असं लिहिलं आहे. ते खरं नाही. कृपया ते दुरुस्त व्हावं.

नाना वर आले तेव्हा नळी तोंडातच होती. काही सहकाऱ्यांनी मला सांगितलं की घड्याळ मजबूत होतं म्हणून मनगट वाचलं. तेही खरं नाही. बोटं जाळीत अडकली आणि मनगट बाहेर राहिलं, त्यात घड्याळाचा काही वाटा नाही. त्याच्या काचेवर ओरखडासुद्धा नाही. ते बिनचूक चालू होतं.

हो नाना, ऐकू आलं. मागे ऐकू आलं नसेल, म्हणून सांगते. नाना विचारतात, “मना निरोप शे का भटूनी केस?”

दोन्ही आहे, नाना. भटूभाऊंना कामावर येऊ देत असते, तर मी आज नुसता निरोप दिला असता.

अमळनेरच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी नाना मला काय म्हणाले, तेही सांगते. त्यांनी सांगू नको असं म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, “जबाबमा तुनं नाव कसाले लिखस? तू आते नोकरीले लागनी. मी ते चालनू घर. मनाच उशीर व्हयना, आसं सांगी दिसू. माले काय करतीन?”

मी विचारलं, “झाला होता का उशीर?”

ते म्हणाले, “नही. तो हिरवा त्रिकोण दिसना, मंग दहा कोणले याद राहस?” त्रिकोण दिसला आणि मनात मिळवायचे दहा राहून गेले.

तरी त्यांनी जबाबात उशीर झाला असंच सांगितलं. भटूभाऊंनी जबाबात काहीच सांगितलं नाही. विचारलं तेवढ्याला ‘हो’ म्हणाले. पंप तुम्ही सुरू केला का? हो. माणूस वर आल्याची खात्री केली का? नाही. त्यांनी नियम मोडला, हे मी नाकारत नाही. पाण्यात माणूस असताना लाल निशाण लावायचं आणि ते काढल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही, असा लेखी नियम आहे. ते निशाण दोन वर्षांपूर्वी फाटलं. नवीन मिळालेलं नाही. आणि भटूभाऊंनी मला नंतर सांगितलं, “मॅडम, तुम्ही काठावर उभ्या होत्या. मला वाटलं, इंजिनिअर उभी आहे म्हणजे बघितलेलं असेल.”

हे वाक्य त्यांच्या जबाबात नाही. ते माझ्या जबाबात आहे, पान दोन.

एकूण अठरा जणांचे जबाब झाले. मी सगळे वाचले. भिंतीवरचं घड्याळ त्यांपैकी सतरा जबाबांत नाही. का नाही, ते मला समजतं. ते चुकीचं आहे हे ज्याने सांगितलं, त्याला पुढचा प्रश्न येणार की माहीत होतं, तर दुरुस्त का केलं नाही? तो प्रश्न मला आधीच आलेला आहे, आणि माझ्याकडे त्याचं चांगलं उत्तर नाही. तेरा तारखेला कोणीतरी ते घड्याळ गुपचूप नीट केलं. ज्याने केलं, त्याने काम योग्यच केलं, फक्त नोंद केली नाही. पण चौदा महिन्यांच्या नोंदी आणि उपकेंद्राच्या नोंदी यांच्यातली दहा मिनिटं कोणाला पुसता येणार नाहीत.

भटूभाऊ, बसा. दाराकडे जाऊ नका. तुम्हाला इथे नूतनताईंनी बोलावलं आहे, निमंत्रणपत्रिकेवर तुमचं नाव आहे, मी पाहिलं आहे.

साहेब, जबाब दिला त्या दिवशी आपण मला समजुतीने सांगितलं होतं, “अहो, तुमचा परिवीक्षा काळ चालू आहे. भेटवस्तूचा चौकशीत काय संबंध? निरोपाची वस्तू आहे ती, शोभेची.” आपला हेतू मला सांभाळण्याचा होता, हे मला कळतं, आणि त्याबद्दल मी आभारी आहे. पण ते घड्याळ शोभेचं नव्हतं. ते निवडताना मी अकरा रकान्यांचा तक्ता केला होता. इतर सगळे कोणत्या वेळेवर चालतात, हा रकाना त्यात नव्हता. पाण्याखालच्या माणसाच्या घड्याळाबाबत हा पहिला प्रश्न असायला हवा. ही चूक तांत्रिक आहे, आणि ती तांत्रिक माणसाची आहे. भटूभाऊ बारा वर्षं पंपावर आहेत. त्यांच्या दोन मुलींपैकी मोठी यंदा दहावीला आहे. दहा तारखेला धुळ्याला जी फाईल उघडेल, तिच्यात माझी तीन पानं नसली, तर त्या फायलीत एकच माणूस उरतो.

नाना, आता तुमच्याशी दोन वाक्यं. ते घड्याळ परत करावं, असं मी ठरवलं होतं. दुकानदार घ्यायला तयार होता. तुम्ही म्हणालात, “ऱ्हाऊ दे. त्याना काय दोष शे? फक्त बठ्ठासनी वेळ एक करी टाक.” म्हणून आज ते तुम्हाला देत आहोत. डावा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून पट्टा उजव्या हाताच्या मापाने कापून आणला आहे. गोठ्यात, केळीत घाला. विहिरीत उतरलात, तर पुस्तकातल्या पद्धतीनेच वापरा. अक्का, तुम्ही लक्ष ठेवा. ते माझं ऐकत नाहीत, माझा मान ठेवतात. या दोन गोष्टींतला फरक मला उशिरा कळला.

चौतीस वर्षं बावीस गावांच्या नळाला पाणी आलं, आणि ते येण्यासाठी अंधारात कोण हात घालत होतं, हे त्यातल्या बहुतेकांना माहीत नाही. आम्हाला माहीत आहे. नाना, तुमचं पुढचं आयुष्य कोरड्या जमिनीवर, अक्कांच्या नजरेसमोर जावो, एवढीच इच्छा.

अध्यक्ष महोदयांनी मला मध्येच थांबवलं नाही, सुलक्षणाताईंनी आमच्या घरातलं ऐकून घेतलं, नूतनताईंनी दुसरी चिठ्ठी पाठवली नाही, या सर्वांचे आभार. निरोपाच्या कार्यक्रमात जे बोलू नये ते मी बोलले असेन. बोलण्यात कोणाचा मान कमी झाला असेल, तर तो दोष माझा समजावा आणि क्षमा करावी. त्यात दिलेल्या तारखा, वेळा आणि नोंदींबाबत मात्र मी क्षमा मागत नाही. त्या तपासून घ्याव्यात.

साहेब, माझी विनंती एवढीच आहे. माझा १४ नोव्हेंबरचा जबाब जोडपत्रांसह धुळ्याच्या फायलीत लावला जाणार आहे की नाही, आणि पंपचालक भटू यांच्याविरुद्धचा प्रस्ताव त्या आधारे पुन्हा तपासला जाणार आहे की नाही, हे मला लेखी कळवावं. माझ्यावर काही कारवाई प्रस्तावित असेल, तर तीही त्याच पत्रात कळवावी. सोमवार, ८ डिसेंबर, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत उत्तर मिळावं, ही विनंती.